लॅब्रडॉरच्या पिल्लाला फूड सोसत नाही? ग्रेन फ्री घेण्याआधी हे करा

अडीच महिन्यांचं लॅब्रडॉर, वजन ६ किलो, शी सतत पातळ, पोट आणि पंजे खाजवतं, तीन आठवड्यांत तीन फूड बदलून झाली, शिवाय दूध-पोळी आणि कॅल्शियमचं सिरप चालू. आणि आता दुकानदार ग्रेन फ्री, म्हणजे धान्य नसलेलं फूड घ्या म्हणतोय. तुमचीही अशीच गत असेल तर चौथी बॅग आत्ता घेऊ नका. एवढं सगळं एकदम पोटात जात असताना नेमकं काय बाधतंय हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

पिल्लू खात नसेल, उलट्या करत असेल, शीत रक्त दिसत असेल किंवा ते मलूल पडून राहत असेल, तर फूडचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लसी पूर्ण झालेल्या नसताना पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला, तर तासातासाला तब्येत ढासळते. खेळतंय, खातंय, फक्त शी ढिली आहे, अशी स्थिती असेल तर पुढचं करा.

दूध आजपासून बंद. आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या आतड्यातलं दुधाची साखर पचवणारं एन्झाइम कमी होत जातं. २०० मिली दुधात ही साखर साधारण १० ग्रॅम असते. ती न पचता पुढे सरकते, आतड्यात पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे दूध थांबवल्यावर बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. पोळी, बिस्किटं, आजी-आजोबांच्या ताटातला घास हेही थांबवा. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा, कारण नेमका एक जण लपून देतो आणि पुढची सगळी निरीक्षणं चुकतात.

कॅल्शियमचं सिरपही बंद. पिल्लासाठीच्या संपूर्ण आहारात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. सहाएक महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला आतड्यातून कॅल्शियम किती शोषायचं यावर नीट ताबा ठेवता येत नाही. वरून दिलेलं बरंचसं शरीरात जातं आणि मोठ्या जातीत हाडं-सांधे वाकडे वाढण्याचा धोका वाढतो. पिल्लासोबत सिरपची बाटली हातात देण्याची पद्धत इतकी रुळली आहे की हे ठासून सांगावं लागतं.

आता मात्रा. पातळ शीमागे जास्त खाणं हे फार सामान्य आणि सहसा लक्षात न येणारं कारण आहे. ६ किलोच्या, चार महिन्यांखालच्या पिल्लाला दिवसाला अंदाजे ८०० कॅलरी लागतात. बॅगवर १०० ग्रॅमला ३८० कॅलरी लिहिलं असेल तर झाले २१० ग्रॅम. वाटीने किंवा कपाने घालू नका, किचनच्या वजनकाट्यावर मोजा आणि चार वेळांत विभागा. दर आठवड्याला वजन करून मात्रा बदला. लॅब कधीच पोट भरलं म्हणणार नाही, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाढवू नका. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

सोबत शीची तपासणी करून घ्या. सकाळची ताजी शी, सुपारीएवढी, वरच्या बाजूची, माती न लागलेली, स्वच्छ डबीत घेऊन काही तासांत पोचवा. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी जंताच्या नेहमीच्या एका गोळीने जात नाहीत. जिआर्डिया तर एका नमुन्यात सापडेलच असं नाही. काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्यावे लागतात. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा झालं आहे ना, तेही पाहा.

खाजेचं म्हणाल तर पिसवा, गोचीड आणि खरूज आधी बाद करा. त्वचा खरवडून केलेली तपासणी दवाखान्यात लगेच होते. लादी फिनेलने पुसत असाल तर आठवडाभर साध्या पाण्याने पुसून बघा. फिनेलने पोटाची आणि पंजांची कातडी चुरचुरते, आणि तुमचं पिल्लू नेमकं तिथेच खाजवतंय.

फूड निवडताना ग्रेन फ्रीच्या मागे लागू नका. कुत्र्यांत अन्नाची ॲलर्जी जास्त करून बीफ, दूध, चिकन यांच्या प्रथिनांची असते. धान्यात गहू त्या यादीत येतो, तांदूळ क्वचित. ग्रेन फ्रीमध्ये चिकन बऱ्याचदा तसंच राहतं, फक्त तांदळाच्या जागी वाटाणे आणि डाळी येतात. अशा फूडचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१८ साली सुरू केली. संबंध सिद्ध झालेला नाही, पण कारण नसताना तिकडे जाण्यात फायदाही नाही.

बॅगच्या मागची बाजू वाचा. 'वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार' असं स्पष्ट लिहिलेलं हवं, मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असेल तर उत्तम. कॅल्शियम सव्वा टक्क्याच्या आसपास, १.८ च्या वर नको. समोर 'लॅम्ब अँड राइस' आणि मागे घटकांत चिकन मील, चिकन फॅट, असं सर्रास असतं. सुटं, किलोवर तोलून मिळणारं फूड घेऊ नका. उघड्या पोत्यातली चरबी खवट होते आणि पावसाळ्यात त्यात बुरशी आणि किडे धरतात. छोटी सीलबंद बॅग घ्या, बॅगसकट हवाबंद डब्यात ठेवा.

तीनपैकी ज्या फूडवर शी त्यातल्या त्यात बरी होती तेच धरा. बदलायचंच झालं तर पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवीन, पुढचे तीन दिवस अर्धं, मग तीन दिवस पाऊण, आणि दहाव्या दिवसापासून पूर्ण. मध्येच शी बिघडली तर दोन दिवस मागच्या पायरीवर थांबा. बक्षीस म्हणून त्याच फूडचे दाणे द्या, मात्र दिवसाच्या मोजलेल्या वाट्यातूनच.

जंत नाहीत, मात्रा बरोबर आहे, तीन-चार आठवडे एकच फूड आहे, तरी शी किंवा खाज थांबत नाही, अशा वेळी खरी ॲलर्जी धरून चालायला अर्थ आहे. रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या ॲलर्जी टेस्टवर पैसे घालवू नका. अन्नाच्या बाबतीत त्या भरवशाच्या नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं (म्हणजे प्रथिनं अगदी बारीक तुकड्यांत तोडलेलं) फूड सुरू करा, पण ते वाढत्या वयाला चालतं का हे लेबलवर तपासूनच. घरी नुसता मासा-भात किंवा मटण-भात आठ आठवडे देऊ नका. त्यात कॅल्शियम फार कमी पडतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं कमजोर होतात. पोटाचा त्रास हायड्रोलाइज्ड फूडवर दोन-तीन आठवड्यांत कमी होतो, त्वचेला आठ आठवडे द्यावे लागतात. या काळात चिकन किंवा बीफच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या, टॉनिक, टूथपेस्ट काही नको. औषध चुकवायचं नाही, बिनचवीचं मागून घ्यायचं.

बरं वाटलं की जुनं फूड मुद्दाम परत द्या. दोन आठवड्यांत त्रास उलटला तर दोष त्याच फूडमध्ये. मग पुन्हा हायड्रोलाइज्डवर शांत करून एकेक घटक वेगळा देऊन बघा, म्हणजे नेमकं काय टाळायचं ते कळेल. काहीच झालं नाही तर महागडं फूड चालू ठेवायची गरज नाही.