पहिल्या क्रूझला निघताना

वहिनी, खिडकी आहे का हे बघण्याआधी केबिन जहाजात कुठे आहे ते बघा. जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर हेलकावे सगळ्यात कमी. भावजींना नेरुळ ते स्वारगेट बससुद्धा लागते, म्हणून कळकळीने सांगते. आलेपाक जवळ ठेवा. मळमळलं तर केबिनमध्ये पडून न राहता डेकवर क्षितिजाकडे बघत उभं राहायचं.

मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात, केबिनशी उशिरा पोचतात. सासूबाईंची बीपीची गोळी अशीच बॅगेत राहिली. दुपारभर जीव टांगणीला! औषधं, ओळखपत्रं हातातच ठेवा. इस्त्री नेऊ नका.

सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याची तालीम, चुकवू नका. २०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावीच लागते. आपलं जमायचं ठिकाण कुठलं, हे मुलांकडून वदवून घ्या.