शेलवरचा निकाल फिरला, म्हणजे सगळं फुकट गेलं का?

तुम्ही विचारलंय की नेदरलँड्समध्ये शेल या तेल कंपनीविरुद्ध जिंकलेला हवामान बदलाचा खटला अपिलात उलटला, मग तेल कंपन्यांशी भांडून उपयोग काय, आणि सोलापुरात पेट्रोल पंपासमोर निदर्शनं करावीत का.

निकाल पूर्ण उलटलेला नाही. मे २०२१ मध्ये हेगच्या न्यायालयाने शेलला २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४५ टक्के कमी करायला सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपिलात तो आकडा गेला. पण उत्सर्जन आटोक्यात ठेवणं ही कंपनीची नागरिकांप्रती जबाबदारी आहे, हे त्याच निकालात लिहिलंय. मथळे वाचून थांबलं की हे निसटतं.

आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याचंच बघा. १९७९ पासून अभयारण्य आहे, आणि आता माळावर पक्षी दिसला तर त्याची बातमी होते. राजस्थान-गुजरातेत हाच पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतो, म्हणून तारा जमिनीखालून न्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये तो सैल केला. सौर-पवनऊर्जेच्या एवढ्या तारा पुरणं परवडणारं नाही, हे त्यामागचं एक कारण. दुर्बीण घेऊन माळ तुडवणाऱ्या माझ्यासारख्याला ते लागलंच. पण हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधला हक्क आहे, हेही याच निकालात आलं. पक्षी हरला आणि माणसाच्या हाती कागद आला, असं म्हणा हवं तर.

कागद म्हणतोय ते मुद्दाम. एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तापमानवाढीबद्दल १९७७ मध्येच वरिष्ठांना सांगितलं होतं, हे जगाला कळलं ते कंपनीच्या जुन्या कागदांवरून.

पंपासमोर मात्र उभं राहू नका. पंपवाला कमिशनवर पोट भरतो, आणि एप्रिलच्या उन्हात तुम्हीच आडवे व्हाल. त्यापेक्षा मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीला जा. नोटीस निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. अशा एका सुनावणीत मी पंधरा मिनिटं तावातावाने बोललो, टाळ्याही मिळाल्या. इतिवृत्तात माझ्या नावावर एक ओळ, तीही चुकीची. शेजारच्या शेतकऱ्याने विहिरीच्या पाण्याबद्दल दोन पानी हरकत देऊन पोच घेतली होती. ती जशीच्या तशी अहवालाला जोडली गेली.

पुढची नोटीस दिसली की कळवा. हरकतीचा मसुदा मी बघून देतो.