वाचकांचे प्रश्न : प्रभुभोजनाऐवजी फुलं?

प्रश्न : ताई, सलाम. मी नगरची, सध्या बॉस्टनजवळ मुलाकडे आले आहे. तो आता आपल्या पद्धतीच्या चर्चला जात नाही, युनिटेरियन लोकांच्या उपासनेला जातो. जूनमधल्या एका रविवारी मलाही नेलं. प्रत्येकानं घरून एक फूल आणून ठेवलं आणि जाताना दुसऱ्या कुणाचं तरी उचललं. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घेतात ती भाकर नाही, द्राक्षरस नाही. माझ्या शेजारी ज्यू बाई, पुढे एक बौद्ध मुलगा. लोक उठून मेणबत्ती लावतात आणि घरचं सुखदुःख सांगतात. पुढच्या खेपेला मला मराठी भजन म्हणायला सांगितलंय. ‘ख्रिस्ता’च्या जागी ‘देवा’ म्हण, असं मुलाचं म्हणणं. म्हणू का? आणि ते फूल घेतलं, ही चूक झाली का?
— एक वाचक

उत्तर : आधी फुलाचं बोलू, कारण तुम्हाला खरं तेच टोचतंय. ही रीत प्रागमधल्या नॉर्बर्ट चापेक नावाच्या युनिटेरियन पाळकाची, 1923 सालची. त्यांच्या मंडळीत कॅथलिक चर्च सोडून आलेले पुष्कळ. भाकर-द्राक्षरसाचं नाव काढलं की ते अवघडायचे. मग उन्हाळ्याच्या सुट्टीआधी चापेक म्हणाले, येताना एकेक फूल आणा. त्यांच्या पत्नीनं 1940 मध्ये हा प्रघात अमेरिकेत केंब्रिजला नेला, म्हणजे बॉस्टनला लागूनच. चापेक मात्र मागे प्रागमध्येच होते. 1942 मध्ये नाझींनी त्यांचा जीव घेतला. अशा माणसाच्या हातून आलेलं फूल घेतलंत, त्यात पाप कसलं?

पण ते प्रभुभोजन नव्हे, हेही तुम्हाला ठाऊक आहे. मुळात युनिटेरियन म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) न मानणारे. आज तर त्यांच्यात देव न मानणारेही बसतात. पाहुणी म्हणून जा, परत आलात की पहिल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये भाकर घ्या. दोन्हींची सरमिसळ करायची गरज नाही.

आणि हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत बरं का. विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेले ते युनिटेरियनांच्याच मदतीनं, आणि परत येऊन प्रार्थना समाजाचं काम करू लागले. तिथल्या उपासनेत तुकोबांचे अभंग. आपल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शेजारी बसावेत म्हणून. पण ख्रिस्ताला त्यांनी दाराबाहेर ठेवलं नाही.

आता भजनाचं. माझा एक अनुभव सांगते. आमच्या शहरात एका सर्वधर्म प्रार्थनेला मला बोलावलं होतं. संयोजकांनी हातात चिठ्ठी दिली, माझंच भजन, पण येशूचं नाव खोडलेलं. का, तर ‘सगळ्यांना चालेल असं’. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून शिकले होते तसंच्या तसं म्हटलं. खाली उतरले तर पुढच्या रांगेतले एक मुसलमान मास्तर म्हणाले, “बाई, दुसरं कडवं परत म्हणा ना.” दुसऱ्याची प्रार्थना ऐकायला आलेल्या माणसाला ती अर्धी कापून वाढली, तर तो ऐकणार काय? तेव्हा ‘ख्रिस्ता’ म्हणा. मुलाला सांगा, अर्थ दोन ओळींत इंग्रजीत तू वाच, बाकी माझ्यावर सोड.

मेणबत्ती लावून बोलायचं म्हणून बिचकू नका. कीर्तनात बुवा मध्येच थांबून विचारतात आणि मंडळी मागून उत्तर देते, ती सवय आपल्याला आहेच. फक्त चार वाक्यांत आटपा. मीही अशा बैठकांना बसले आहे. एखाद्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपायी पुढची सगळी दुःखं खोळंबतात.

तिथे पेटी मिळेलच असं नाही. टाळ नेले नसतील तर स्टीलच्या वाटीवर चमच्यानं ठेका धरायला नातवंडाला बसवा. पट्टी खालची घ्या, सकाळी आवाज चढत नाही. आणि धृपद तीनदा म्हणा. पहिल्यांदा ते नुसतं ऐकतील, दुसऱ्यांदा ओठ हलवतील.