हेमिंग्वेचा नायक पराक्रम करत नाही, मग त्याला शौर्याचा लेखक का म्हणतात?

तुम्ही विचारलंय: अमेरिकन लेखक हेमिंग्वेची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ वाचली. नायक लढाईत काहीच गाजवत नाही, शेवटी सैन्य सोडून पळतो. भाषाही शाळकरी मुलाच्या निबंधासारखी तुटक. तरी शौर्य आणि शैली या दोन्हींसाठी हेमिंग्वेचंच नाव का घेतात?

तुमचे आक्षेप दोन आहेत, पण माझ्या मते उत्तर एकच आहे आणि ते त्याच कादंबरीच्या एकविसाव्या प्रकरणात नायकाची प्रेयसी कॅथरीन देऊन जाते. भ्याड हजारदा मरतो, शूर एकदाच, हे जुनं वचन त्या दोघांच्या बोलण्यात निघतं. कॅथरीन म्हणते, हे लिहिणारा बहुधा स्वतःच भ्याड असेल. त्याला भ्याडांबद्दल बरंच ठाऊक होतं, शूरांबद्दल काहीच नाही. शूर माणूस हुशार असेल तर तो दोन हजार वेळाही मरत असेल, फक्त त्याबद्दल बोलत नाही. हे बोलणारी साधी प्रेयसी नाही. ती परिचारिका आहे आणि तिचा वाग्दत्त वर सोमच्या लढाईत मारला गेलाय. हेमिंग्वेची छोटी वाक्यं या न बोलण्यातून आली आहेत असं मी मानतो.

आता नायकाच्या जखमेचा प्रसंग बघा. फ्रेडरिक हेन्री हा इटालियन सैन्यात रुग्णवाहिका सांभाळणारा अमेरिकन. चालकांसोबत खंदकात थंड मॅकरोनी आणि चीज खात असताना तोफगोळा येऊन पडतो. पासिनीचे पाय तुटतात, तो आईला हाका मारतो. हेन्री त्याच्या पायाला रक्त थांबवणारी आवळपट्टी बांधायला धडपडतो, मग लिहितो की तिची गरज उरली नव्हती, कारण पासिनी आधीच मेला होता. पुढे इस्पितळात मित्र रिनाल्डी येतो. त्याला हेन्रीसाठी पदक मिळवायचंय. काही वीरकृत्य केलंस का, असं तो विचारतो. आम्ही चीज खात होतो आणि स्फोट झाला, एवढंच हेन्री सांगतो. रिनाल्डी सोडत नाही. आधी किंवा नंतर काहीतरी केलंच असशील, नीट आठव, म्हणतो. पदकाची यंत्रणा कशी चालते ते या चार-सहा संवादांत कळतं. तिला गोष्ट हवी असते आणि घडलेलं मात्र चीजएवढं साधं असतं.

हे हेमिंग्वेला स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं. ८ जुलै १९१८ रोजी पियावे नदीकाठी फोसाल्ता इथे तो सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटायला आघाडीवर गेला होता. ऑस्ट्रियन तोफगोळ्याच्या शेकडो कपच्या त्याच्या पायांत घुसल्या. त्याला एकोणीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. इटलीने त्याला रौप्यपदक दिलं, गावी परतल्यावर तो वीर ठरला, गणवेश घालून भाषणं करू लागला आणि त्या भाषणांत बरंच वाढवूनही सांगू लागला.

म्हणूनच त्याच्या युद्धकथांमध्ये मला ‘सोल्जर्स होम’ सगळ्यात प्रामाणिक वाटते. ती ‘इन अवर टाइम’ या १९२५च्या संग्रहात आहे. क्रेब्ज नावाचा अमेरिकन मरीन सैनिक १९१९च्या उन्हाळ्यात घरी परततो. बेलो वुड, सोआसाँ, आर्गोन अशा भीषण लढाया त्याने पाहिल्यात, पण तो उशिरा आलाय. स्वागतसमारंभ उरकलेत आणि लोकांनी अत्याचाराच्या इतक्या रंगवलेल्या हकिगती ऐकल्यात की खरं सांगितलं तर कोणी कान देत नाही. मग तोही खोटं बोलतो. फार मोठं नाही. दुसऱ्यांनी केलेलं किंवा पाहिलेलं स्वतःच्या नावावर सांगतो, इतकंच. पण तेवढ्याने त्याला स्वतःच्या अनुभवाचीच शिसारी येते. युद्धात ज्या क्षणी तो धीराने वागला होता, ज्यांच्या आठवणीने आतून बरं वाटायचं, ते क्षणही या खोट्यामुळे हातचे जातात.

याच कथेत शैलीचं मर्मही सापडतं. सकाळच्या न्याहारीला आई क्रेब्जला समजावते. बरोबरीची मुलं मार्गाला लागलीत, तुझ्यासाठी मी दिवसभर प्रार्थना करते, म्हणते. इथे दुसरा लेखक मुलाच्या मनात शिरला असता. हेमिंग्वे एकच वाक्य लिहितो: क्रेब्ज ताटलीतल्या बेकनच्या चरबीकडे बघत होता, ती गोठत चालली होती. त्या मुलात काय थिजत गेलंय ते वाचणाऱ्याच्या पोटात उतरतं. तुम्ही याला शाळकरी म्हणता. मला वाटतं, शाळकरी माणूस इथे ‘त्याला फार एकटं वाटलं’ असं लिहून मोकळा झाला असता.

त्याच संग्रहातली ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ तर आणखी पुढे जाते. निक नावाचा तरुण जळून गेलेल्या सीनी गावात आगगाडीतून उतरतो, तंबू ठोकतो, डब्यातले बीन्स आणि स्पॅगेटी एकत्र गरम करतो, जीभ पोळू नये म्हणून थांबतो, दुसऱ्या दिवशी मासे धरतो. पुढच्या दलदलीत मात्र आज जायला नको म्हणतो. युद्ध हा शब्द अख्ख्या कथेत नाही. पुढे हेमिंग्वेने लिहिलं की ही युद्धावरून परतण्याचीच गोष्ट होती. ते कळल्यावर तंबूच्या खुंट्या ठोकण्याचं ते सावकाश, टप्प्याटप्प्याचं वर्णन वेगळंच वाचलं जातं. मन पुन्हा ढासळू नये म्हणून एक माणूस प्रत्येक काम हातात घट्ट धरून आहे.

ही शैली वर्तमानपत्रामुळे आली असं बरेचजण सांगतात. ‘कॅन्सस सिटी स्टार’च्या नियमावलीत छोटी वाक्यं वापरा असा नियम होता, हे खरं. पण तो नियम तिथल्या सगळ्याच बातमीदारांना होता. पॅरिसमध्ये लेखिका गर्ट्रूड स्टाइनकडून त्याने शब्दांची पुनरावृत्ती कशी पेलायची ते उचललं, कवी एझ्रा पाउंडकडून विशेषणांवर अविश्वास. तरीही मूळ कारण युद्धातल्या भाषणबाजीचा वीट हेच दिसतं. सत्ताविसाव्या प्रकरणात हेन्री म्हणतो की पवित्र, गौरवशाली, बलिदान असे शब्द ऐकले की त्याला संकोच वाटायचा. गावांची नावं, रस्त्यांचे आणि पलटणींचे क्रमांक, नद्या, तारखा एवढंच काय ते मान राखून उच्चारता येत होतं.

राहिला पळून जाण्याचा मुद्दा. तिथे तुम्ही हेन्रीला वीर मानू नका, हेमिंग्वेही मानत नाही. कापोरेत्तोच्या लढाईतल्या पराभवानंतर इटालियन सैन्याची माघार सुरू असते. (ही माघार झाली १९१७च्या ऑक्टोबरात, तेव्हा हेमिंग्वे अमेरिकेत नवखा बातमीदार होता. पावसात वाहणारे ते लोंढे त्याने १९२२ साली थ्रेसमधून पळणाऱ्या ग्रीक निर्वासितांमध्ये पाहिले.) चिखलात रुतलेली गाडी काढायला मदत न करता निघालेल्या सार्जंटवर हेन्री गोळी झाडतो. पुढच्याच प्रकरणात टालियामेंतोच्या पुलापाशी लष्करी पोलीस पलटणीपासून तुटलेल्या अधिकाऱ्यांना बाजूला घेऊन गोळ्या घालत असतात आणि हेन्रीवर तीच पाळी येते, तेव्हा तो नदीत उडी टाकतो. साथ सोडून जाण्याच्या ज्या गुन्ह्यासाठी त्याने माणसावर गोळी झाडली तोच तो स्वतः करतो. या दोन प्रसंगांवर लेखक एका शब्दानेही भाष्य करत नाही, दोन्ही शेजारी ठेवतो आणि पुढे जातो. मी ही प्रकरणं पुन्हा वाचतो तेव्हा दर वेळी इथे अडखळतो.

कादंबरीत शूर कोण असेल तर कॅथरीन. बाळंतपणाच्या कळा असह्य झाल्यावर ती म्हणते, मी आता शूर राहिले नाही, त्यांनी मला मोडलं. तिलाच हे उघड बोलावं लागतं, म्हणून ते वाक्य इतकं लागतं.

न बोलण्याचं हे बळ हेमिंग्वेला कायम टिकवता आलं नाही. ‘फॉर हूम द बेल टोल्स’मध्ये, १९४० साली, नायक पुन्हा ध्येयासाठी मरतो, पिलार या पात्राने सांगितलेली गावातल्या कत्तलीची हकिगत सोडली तर मला त्यातलं बरंचसं पल्लेदार वाटतं. १९५०च्या ‘अक्रॉस द रिव्हर अँड इनटू द ट्रीज’मध्ये मौन ही नुसती लकब होऊन बसते. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ मराठीत पु. ल. देशपांड्यांच्या ‘एका कोळियाने’मुळे घराघरांत पोचली, पण तुमच्या प्रश्नाला ती उपयोगी नाही, तिथला म्हातारा एकटाच मोठमोठ्याने बोलतो.

तुम्ही आधी ‘सोल्जर्स होम’ वाचा, अर्ध्या तासात होते. मग कादंबरीची नऊ, दहा, एकोणतीस आणि तीस ही प्रकरणं सलग वाचा, आणि हेन्री कुठे गप्प बसतो तिथे पेन्सिलीने खूण करत जा.