विंडोज ११ घेतल्यापासून लॅपटॉप सारखा बंद पडतोय, दुकानदार म्हणतो फॉरमॅट करा. करू का?

नका करू. निदान आज तरी नका करू.

तुम्ही लिहिलंय की विंडोज १० वरून ११ वर गेल्यापासून लॅपटॉप दिवसातून दोन-तीनदा काळा पडदा दाखवून आपोआप रीस्टार्ट होतो, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं, आणि दुकानदार म्हणतो 'फॉरमॅट मारू, नाही थांबलं तर मदरबोर्ड बदलू'. हेच वाक्य मी २०२५ च्या ऑक्टोबरात दुकानाच्या काउंटरपाशी उभी राहून ऐकलंय. म्हणून एवढं लांब लिहायला बसले.

आधी त्या ४१ चं सांगते. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. लाइट गेली तरी ४१, पॉवरचं बटण दाबून धरलं तरी ४१, क्रॅश झालं तरी ४१. त्यावरून मदरबोर्ड गेला असं सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय. त्याच वेळेच्या आसपास 'बगचेक' नावाची १००१ नंबरची नोंद शोधा. क्रॅशचा कोड तिथे असतो, आणि डंप फाइल, म्हणजे क्रॅशच्या क्षणाची नोंद असलेली फाइल, कुठे ठेवलीय तेही तिथेच लिहिलेलं असतं.

आता माझं.

मी मिरजेत घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम, करते, १९९९ पासून. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका, वर्षातून एखादं-दुसरं पुस्तक. माझं मराठी सॉफ्टवेअर जुनं, युनिकोडच्या (हल्ली सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीचं, आणि यूएसबीचं लॉक, म्हणजे परवान्याची किल्ली असलेलं छोटं उपकरण, लावल्याशिवाय ते उघडतच नाही. पूर्वी हे लॉक प्रिंटरच्या पोर्टला मागून लागायचं. डीटीपीवाल्यांना वेगळं सांगायला नको, लॉक हरवलं की काम बंद. माझं लॉक लाल दोऱ्याने लॅपटॉपच्या बॅगेला बांधलेलं असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार, असा संदेश रोज यायला लागला. लॅपटॉप २०१९ चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे, म्हणजे ११ च्या अटीत बसणारा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अपग्रेड केलं. तासाभरात झालं. सगळ्या फाइली जागेवर, सॉफ्टवेअर उघडलं, लॉक ओळखलं. दोन दिवसांनी पहिला क्रॅश. मग रोज एक-दोन.

अपग्रेडनंतर १० दिवस जुन्या विंडोजवर परत जाता येतं, सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत तसा पर्याय असतो. मला ते माहीत होतं. पण दिवाळीच्या जाहिरातींचं काम अंगावर होतं, आज थांबेल, उद्या थांबेल करत ते १० दिवस गेले. तुमचे गेले नसतील आणि काम अडलं असेल तर सरळ मागे जा, कारण नंतर सवडीने शोधता येईल.

मी दुकानात दिला. तिथल्या मुलाने इव्हेंट व्ह्यूअर उघडून ४१ कडे बोट दाखवलं आणि म्हणाला, मॅडम, फॉरमॅट लागेल. मी म्हटलं, सी ड्राइव्हच करा, डीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन घरी आले तर सी एकटा, ४७६ जीबीचा. सगळी पार्टिशन उडवून एकच केलं होतं. विचारलं तर म्हणाला, असं केलं की एकदम फ्रेश होतो.

त्या डीमध्ये एका निवृत्त सरांचं पुस्तक होतं. कृष्णाकाठच्या शेतीतले शब्द. मोटेचे, नांगराचे, खळ्याचे. नाडा, सोंदूर, रुमणं, शिवळ, असे शेकडो, प्रत्येकाचा अर्थ आणि तो शब्द कुठल्या गावात कसा म्हणतात ते. १६० पानं लावून झाली होती. सर वयाच्या ८१ व्या वर्षी भिंग घेऊन प्रूफं तपासायचे, लाल पेनने, एकेका अनुस्वाराभोवती गोल करून. दोन प्रूफं झाली होती. माझ्या पेनड्राइव्हवर त्यातली पहिली ४० पानं निघाली. बाकीच्या १२० पानांचं हस्तलिखित सरांकडे होतं म्हणून पुस्तक वाचलं, पण टायपिंग पुन्हा, प्रूफ पुन्हा. त्यांना सांगायला गेले तेव्हा ते काही बोलले नाहीत. कपाटातून कागद काढले, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिले. ते मला फार लागलं.

आणि एवढं करून क्रॅश थांबले का? फॉरमॅटनंतर मी सॉफ्टवेअर टाकलं, लॉकचा ड्राइव्हर (विंडोजला ते लॉक ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला, कामाला बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता धाकट्या दिरांचं. भावजी पुण्यात एका कंपनीत आयटी सपोर्टला आहेत. त्यांना फोन केला. "वहिनी, दुकानवाल्याने पायरेटेड टाकलं असणार. तुम्ही त्यात डोकं घालू नका, मी रविवारी येतो, क्लीन फॉरमॅट मारतो." रविवारी आले, अधिकृत साइटवरून पेनड्राइव्ह बनवून पुन्हा सगळं कोरं केलं. मी सॉफ्टवेअर टाकलं, लॉकचा ड्राइव्हर टाकला. बुधवारी क्रॅश. तेव्हा ते म्हणाले, मग हार्डवेअरच. दुकानवाल्याने मदरबोर्डचे १४ हजार सांगितलेच होते.

तुळशीचं लग्न झालेलं. पत्रिकांची रांग लागलेली. मी रजिस्टर घेतलं आणि दर वेळी बंद पडला की लिहायला लागले. वेळ, काय उघडं होतं, काय लावलेलं होतं, त्याआधी मी काय करत होते. पाच दिवसांत सात नोंदी झाल्या. वेळा पाहिल्या तर ११ च्या पुढे-मागे, दुपारी ३ नंतर, संध्याकाळी ५ ला. त्या माझ्या चहाच्या आणि जेवणाच्या वेळा. मी उठताना झाकण लावते, म्हणजे लॅपटॉप स्लीपला जातो. परत येऊन झाकण उघडलं की पडदा अंधारा राहायचा, मग क्रॅश. काम चालू असताना एकदाही नाही. मग दोन दिवस उठताना लॉक काढून ठेवलं. दोन्ही दिवस काही झालं नाही. लॉक लावून झाकण लावलं, उघडलं, लगेच पडला.

इतक्यावर मला उत्तर मिळालंच होतं, पण भावजींना दाखवायला पुरावा हवा होता. क्रॅशच्या वेळी विंडोज एक छोटी फाइल लिहून ठेवतं, विंडोज फोल्डरमधल्या मिनिडंपमध्ये. ती ब्लूस्क्रीनव्ह्यू या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडली तर नाव आलं ते विंडोजच्या गाभ्याच्या फाइलचं, एनटीओएस कर्नलचं. तिथे पुष्कळ लोक थांबतात आणि विंडोजच खराब आहे असं ठरवतात. तसं नसतं. मशीन थांबवायचं काम कर्नलचं, म्हणून तिथे त्याचं नाव येतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून विनडीबीजी हा अशा फाइली तपासायचा प्रोग्रॅम घेतला, फाइल उघडली, 'अ‍ॅनलाइझ' च्या निळ्या अक्षरांवर क्लिक केलं. कोड आला 'ड्राइव्हर पॉवर स्टेट फेल्युअर', म्हणजे झोपायला किंवा उठायला सांगितलं आणि एका ड्राइव्हरने उत्तरच दिलं नाही. खाली 'इमेज नेम' पुढे लॉकच्या ड्राइव्हरची फाइल. तिची तारीख पाहिली, २००८. विंडोज ७ सुद्धा २००९ चं. मी दोन्ही फॉरमॅटनंतर त्याच जुन्या सीडीतून हाच ड्राइव्हर माझ्या हाताने परत टाकत होते. फॉरमॅट दहा वेळा केला असता तरी दहा वेळा क्रॅश परत आला असता.

सॉफ्टवेअर कंपनीला फोन केला तर नवीन आवृत्ती घ्या म्हणाले. पण लॉक सॉफ्टवेअरवाले स्वतः बनवत नाहीत, लॉक बनवणारी कंपनी वेगळी असते आणि ड्राइव्हर तिच्या साइटवर फुकट मिळतो. लॉकवर बारीक अक्षरात तिचं नाव असतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचलं, ड्राइव्हर उतरवला, जुना आधी पूर्ण काढला, रीस्टार्ट, नवा टाकला. त्यानंतर एकही क्रॅश नाही. खर्च शून्य.

भावजींना विनडीबीजीचा स्क्रीनशॉट पाठवला. ते म्हणाले, ठीक आहे, पण क्लीन फॉरमॅट ही पहिली पायरी असतेच. मला हे मान्य नाही आणि कधी होणार नाही. १९ जुलै २०२४ आठवा. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्या शुक्रवारी भावजी रात्रभर ऑफिसात होते. काय केलं त्यांनी? प्रत्येक मशीन सेफ मोडमध्ये नेलं, एक फाइल डिलीट केली, रीस्टार्ट केलं. एकही मशीन फॉरमॅट केलं नाही, कारण तिथे कारण माहीत होतं आणि डेटा साहेबांचा होता. माझ्या लॅपटॉपवरचा डेटा घरातल्या बाईचा, म्हणून उडवला तरी चालतो? कंपनीच्या मशीनला जी काळजी, तीच सरांच्या १६० पानांना मिळायला हवी होती.

असो. तुमच्याकडे येते.

तुम्ही वेळा दिलेल्या नाहीत, कोडही नाही, त्यामुळे तुमचं कारण मी इथून सांगू शकत नाही. पडदा वाचायच्या आत निघून जात असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, मग 'स्टार्टअप अँड रिकव्हरी', तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ची खूण काढा. मग पडदा थांबून राहतो, मोबाइलने फोटो काढा. हल्लीच्या ११ मध्ये पूर्वीच्या निळ्याऐवजी काळा पडदा येतो, आणि कोडखाली कधी कधी दोषी फाइलचं नावही दिसतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'रिलायबिलिटी हिस्टरी' येते. कुठल्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या आणि त्या दिवशी काय टाकलं होतं ते तिथे एका ओळीत दिसतं. ती जागा मला फार आवडते, आणि दुकानात ती कुणी उघडताना मी पाहिलेलं नाही.

डीटीपीचं लॉक तुमच्याकडे नसेल, पण डिजिटल सहीचं टोकन, जुना प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक, काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचं मागे राहिलेलं शेपूट, यांतलं काहीतरी असेल. अपग्रेडमध्ये जुने ड्राइव्हर तसेच पुढे येतात हे विसरू नका. वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्राइव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचेच घ्या. 'ड्राइव्हर अपडेटर' म्हणून जाहिरातीत येणारे प्रोग्रॅम नको. एसएफसी आणि डीआयएसएम हे विंडोजचे दुरुस्तीचे आदेश चालवायचं सगळेच सांगतात. चालवा, आधी डीआयएसएम, मग एसएफसी. पण ते विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुरुस्त करतात, बाहेरच्या ड्राइव्हरला हात लावत नाहीत. माझ्याकडे दोन्ही 'सर्व ठीक' म्हणत होते.

दुकानदारावर मी जरा जास्तच रागावून लिहिलंय, तर हेही सांगायला हवं की तो बरोबरही असू शकतो. 'व्हीआ अनकरेक्टेबल एरर' असा कोड येत असेल तर खरोखर हार्डवेअर किंवा तापमान बघावं लागतं. 'मेमरी मॅनेजमेंट' वारंवार आणि दर वेळी वेगळ्याच फाइलचं नाव येत असेल तर रॅम. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावा. दोन रॅम असतील तर एकेक काढून बघा. 'कर्नल डेटा इनपेज एरर' आला तर डिस्क संशयित, मग सगळं बाजूला ठेवून आधी डेटा दुसरीकडे उतरवा, बाकीचं शोधकाम नंतर. बायोस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट करणार असाल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, आधी सस्पेंड करा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपल्याला न विचारता चालू असतं, आणि बायोस बदलला की मशीन ती की मागून बसतं.

भावजींचं एक म्हणणं बरोबर आहे, की हे जुन्या फॉन्टचं काम मी युनिकोडवर न्यायला हवं. नवीन पुस्तकं नेतेय. २६ वर्षांच्या जुन्या फाइलींना मात्र लॉक लागणारच.

रजिस्टर आजपासून सुरू करा. पाच नोंदी झाल्या की कोड, फाइलचं नाव आणि त्या वेळी लॅपटॉपला काय काय जोडलेलं होतं ते इथेच खाली लिहा, मी बघते. तोवर दुकानात द्यावाच लागला तर आधी सगळ्या डेटाची कॉपी घरी काढून ठेवा, आणि कुठल्या ड्राइव्हला हात लावायचा नाही ते पावतीवर लिहून त्यांची सही घ्या.