नवख्या लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेल्या विनोदी थ्रिलरवर वेळ घालवावा का? त्यातलं चांगलं कसं शोधायचं?

घालवावा. पण तुमच्या प्रश्नाच्या शेपटाला "प्रकाशकांनी नाकारलेलंच लोक स्वतः छापतात ना?" हे वाक्य नसतं, तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. हेच वाक्य माझे दीर मला वर्षानुवर्षं ऐकवत आलेत. वाचन दांडगं त्यांचं, खुनाच्या कथा तर कोळून प्यायलेत. मतं दोन आणि दोन्ही ठाम: प्रकाशक नसेल तर ते पुस्तकच नव्हे, आणि खुनाच्या गोष्टीत हसू आलं की थरार मेला.

मला सापडलेल्या एका ई-पुस्तकाने ही दोन्ही मतं माझ्यापुरती निकालात काढली. (नाव देत नाही. दिलं की उत्तराची जाहिरात होते.) मुखपृष्ठ लेखकाने स्वतःच जुळवलंय हे लांबूनही कळत होतं. पहिल्याच पानावर एका कार्यालयातले साहेब कारकुनाशी वाद घालताना लोखंडी कपाटावर आपटतात आणि जागीच मरतात. कारकुनाच्या बढतीच्या कागदावर त्यांची सही व्हायची राहिलेली. तेव्हा तो ठरवतो, सही होईपर्यंत साहेब जिवंत. एक सही जमते, मग दुसरी, मग सगळ्याच फायली साहेबांच्या नावाने तोच निकाली काढायला लागतो. कामं इतकी वेगाने व्हायला लागतात की वरून शाबासकी येते आणि बढती मिळते ती साहेबांना.

इथवर नुसती मजा होती. मग अंतर्गत लेखापरीक्षण करणारी बाई येते, आणि मी सावरून बसले, कारण माझी सगळी नोकरी त्याच कामात गेली. कथा-सिनेमात आमची जमात एक तर लाचखाऊ, नाहीतर जाड भिंगाची विदूषक. ही तशी नाही. मूळ पावती मागते आणि गप्प बसते. ती शांतता असह्य होऊन समोरचा न विचारलेलं बोलून जातो, हे ज्याने हे काम केलंय त्यालाच ठाऊक. वरच्याची मंजुरी लागू नये म्हणून मर्यादेच्या जरा खाली थांबणाऱ्या रकमा ती आधी बाजूला काढते. मग सहज विचारते, साहेबांनी इतक्यात एकही रजा कशी घेतली नाही?

बाहेरच्याला हा प्रश्न साधा वाटेल. आमच्याकडे कधीच रजा न घेणारा माणूस म्हणजे धोक्याची घंटा. रोज सांभाळावा लागणारा घोटाळा ज्याच्या अंगावर आहे तो खुर्ची सोडत नाही. दुसरं कोणी तिथे बसलं की सगळं उघडं पडतं. म्हणून तर बँकांमध्ये नाजूक जागांवरच्या लोकांना सक्तीने रजेवर पाठवतात. हे कारकुनाच्याही डोक्यात येतं आणि तो मेलेल्या साहेबांचा रजेचा अर्ज भरतो. कारण: विश्रांतीची गरज. मी खो खो हसले. मग तो पुढच्या रकान्याशी येऊन अडतो: रजेच्या काळात कार्यभार कोणाकडे? तिथे माझं हसू जागच्या जागी थांबलं. त्या लबाडासाठी माझाच जीव टांगणीला लागला.

आता भावोजींच्या दुसऱ्या मताकडे या. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत आणि टेबलाशी बसलेल्यांना नाही, की साध्या गप्पाही ताणल्या जातात, असं थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो याला सांगितलं होतं. विनोदही नेमका याच फटीत राहतो. साहेब मेलेत हे मला माहीत, कार्यालयाला नाही. हसू आणि भीती दोन्ही तिथूनच. 'सायको' (1960) हा खुनाचा सिनेमा आपण गंमत म्हणून केला, असं हाच हिचकॉक सांगत असे. हे सगळं मी भावोजींना सुनावलं. ते म्हणाले, "वहिनी, तो हिचकॉक आहे."

पहिल्या मताचंही तेच. बिअॅट्रिक्स पॉटरचं 'पीटर रॅबिट' हे लहान मुलांचं पुस्तक प्रकाशकांनी परत पाठवलं, तेव्हा तिने 1901 मध्ये स्वतःच्या पैशाने 250 प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी ते फ्रेडरिक वॉर्न कंपनीने काढलं. अँडी वीअरने 'द मार्शियन' ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरण-प्रकरण टाकली, 2011 मध्ये स्वतःच किंडलवर आणली, प्रकाशकाने ती काढली 2014 मध्ये. "अपवाद," इति भावोजी. शेवटी तेच ई-पुस्तक त्यांच्या हातात दिलं. परत आलं ते मुद्रणदोषांच्या यादीसकट. यादी शेवटच्या प्रकरणापर्यंतची होती.

असो, तुमचा प्रश्न शोधायचं कसं हा होता. ई-पुस्तकाची सुरुवातीची पानं फुकट वाचता येतात, तेवढी वाचा आणि तिथेच निर्णय घ्या. पहिले पाच-दहा पंचतारांकित अभिप्राय सोडून द्या, ते मित्रमंडळींचे असू शकतात. तीन तारे देणारा काय कुरकुरतो ते बघा. "हसून हसून पोट दुखेल" असं पुस्तकच स्वतःबद्दल म्हणत असेल तर पुढे जा. आणि मृतदेह पुस्तकात आला की त्याचं काय करायचं हा व्यवहार लेखकाने नीट सोडवलाय का ते पाहा. वजन, वास, कागदपत्रं, शेजारी. जो हे टाळून नुसत्या टोमण्यांवर वेळ मारून नेतो त्याला ना थरार जमत ना विनोद.

हेही सांगायला हवं की अशी बरीच पुस्तकं मी अर्ध्यावर टाकलीत. संपादक नसण्याचा तोटा खराच आहे, या पुस्तकातही शेवटचा चौथा भाग घाईत उरकलाय, आणि त्या लेखापरीक्षक बाईला लेखकाने उगाच एक दुःखी भूतकाळ चिकटवलाय. त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक आलंय. सुरुवातीची पानं वाचली, विकत घेतलं नाही.