टेकऑफनंतर लगेच डोंगराजवळ छोटी विमानं का कोसळतात? इंजिन बंद पडतं म्हणून का?

दर वेळी नाही. बऱ्याचदा इंजिन धडधाकट असतं, हवाच दगा देते. आपलं नाशिक घ्या: उंची साधारण ६०० मीटर. एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर गेला की हवा एवढी विरळ होते, की विमानाला आपण १६५० मीटरच्या आसपास असल्यासारखंच वाटतं. पंख, पुढचा पंखा (प्रोपेलर), इंजिन, तिन्ही ढिले. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो.

त्यात समोर डोंगर आणि वारा त्याच्यावरून आपल्याकडे उतरणारा. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या आडोशाला वरून अंगावर आदळणारा वारा अनुभवला असेल, तोच विमानाला खाली दाबतो. डोंगर जवळ येताना दिसला की वैमानिक नाक आणखी वर ओढतो (माणूसच तो!), वेग पडतो आणि पंखांची उचल एकदम सुटते. सावरायला खाली उंचीच नसते. म्हणून सकाळी गारव्यात, कमी वजनाने उडावं.